परत मागितलेलं वाण

अ‍ॅशबर्नच्या आमच्या अमेरिकेतल्या घरात फोडणी घालणं हे दोन माणसांचं काम होतं. आई कढईत मोहरी टाकायची आणि मी स्वयंपाकघराबाहेर स्टुलावर उभी राहून स्मोक डिटेक्टरला पुठ्ठ्याने वारा घालायचे. हात जरा थांबला की तो किंचाळायला लागायचा, मग वरून बाबा "मुक्ता!" म्हणून ओरडायचे, जसा काही हिंगाचा धूर मीच केला होता. थंडीत स्वयंपाकघराची खिडकी उघडायची, आईने जाकीट घालून पोळ्या लाटायच्या, आणि पोळ्यांचा डबा बंद झाला की खिडकी लावून हीटर परत वर करायचा, हा आमचा रोजचा क्रम. घर रांगेतलं शेवटचं होतं, त्यामुळे आम्हाला बाजूची एक भिंत जास्त मिळाली होती आणि त्या भिंतीला लागून वीस-बावीस पावलं मातीची पट्टी होती. बाबांनी घर घेताना पार्किंग पाहिलं, शाळा पाहिली, आणि ते काम करायचे त्या डेटा सेंटरपासून घर किती मिनिटांवर आहे ते पाहिलं. त्यांच्या त्या अवाढव्य इमारतीला एकही खिडकी नव्हती. मातीची पट्टी त्यांच्या लक्षातही आली नव्हती. ती आईने पाहिली.

आई नागपूरला शाळेत भूगोल शिकवायची. इथे तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. दिवसभर घरात ती, हीटरचा आवाज आणि दुपारी साडेतीनला येणारी माझी स्कूलबस. उन्हाळ्यात तिचं बरं चालायचं. कडीपत्ता आणि तुळस बाहेर काढायची, मेथी पेरायची, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंशी कुंपणावरून टोमॅटोबद्दल बोलायची. पण नोव्हेंबर आला, पानं झडली, कुंड्या आत आल्या, की ती एकदम गप्प व्हायची. स्वयंपाक तोच, डबा तोच, माझ्या वेण्याही तशाच घट्ट, पण बोलणं कामापुरतं. एकदा मी तिला विचारलं होतं, "आई, आर यू मॅड अ‍ॅट मी?" ती म्हणाली, "नाही गं. बाहेर बघितलं की सगळं मेल्यासारखं दिसतं, एवढंच." मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. त्या वाक्याचा अर्थ मला समजला नाही आणि समजून घ्यावासाही वाटला नाही. आज माझं वय आईच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलं आहे, आणि नोव्हेंबर आला की मी स्वतःशीच जरा सावध होते.

अशाच एका नोव्हेंबरात बाबा बर्फ उकरायचं फावडं आणायला निघाले आणि आई उगाच सोबत गेली. दुकानाच्या मागच्या आवारात बहुतेक टेबलं रिकामी झाली होती, पण एका कोपऱ्यात कमरेएवढ्या झुडपांची रांग उभी होती. बारीक, बांबूसारखी पानं, थंडीने तांबूस झालेली, आणि त्यातून लोंबणारे लालभडक फळांचे घोस. पाटीवर नाव होतं, नंदिना. आईने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अहो, हे तर आपल्यातलंच नाव आहे." बाबांनी फावडं आणलं आणि आईने दोन नंदिना. घरी येईपर्यंत तिने त्यांची नंदिनी करून टाकली होती. ती झुडपं स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लागली, आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा आई पोळ्या लाटताना बाहेर बघत गुणगुणत होती.

मग तिने त्यात मनच घातलं. वाचनालयातून पुस्तकं आली. हिवाळ्यात पानं न गाळणारी काटक झुडपं कोणती, कुणाला सावली चालते, कुणाच्या मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, हे सगळं ती वहीत भूगोलाच्या तक्त्यांसारखं आखून लिहायची. त्या पट्टीत एक बुटकं ज्युनिपर आलं, ज्याच्यात संध्याकाळी पंधरा-वीस चिमण्या घुसायच्या आणि झोपायच्या आधी भांडभांड भांडायच्या. बॉक्सवुड आलं, त्याला ऊन लागलं की मांजर मुतल्यासारखा वास यायचा म्हणून मी नाक मुरडायचे, आणि ते दुसऱ्याच वर्षी दुसरीकडे हललं. बर्फ पडला की पांढऱ्यावर ते हिरवे गोळे, मधे लाल घोस, आणि त्यावर एखादा कार्डिनल, तो लालबुंद पक्षी, बसला की आई हातातलं लाटणं तसंच धरून उभी राहायची. "मुक्ते, ये लवकर, ये!" मी यायचे तोवर तो उडालेला असायचा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची हकीकत इथे सांगायला हवी. आमच्या वसाहतीत आणि आसपास मिळून मराठी घरं बरीच होती, पुण्याची, मुंबईची, नागपूरची, सगळी आयटीतली. त्या सगळ्या बायकांमध्ये आई म्हणजे टोकाच्या घरातल्या कुणीतरी. बोलवायच्या, पण फोटोत ती नेहमी कडेला. वाण म्हणून सगळ्याजणी इंडियातून आणलेले चमचे, डबे, पर्सेस द्यायच्या. त्या वर्षी आईने शरद ऋतूतच नंदिनीचे मुळासकट फुटवे वेगळे केले, लहान कुंड्यांत लावले आणि गराजच्या खिडकीत ओळीने जगवले. जानेवारीत अकराजणी आल्या. तिळगूळ झाला, हळदीकुंकू झालं, गुळपोळ्या झाल्या आणि आईने प्रत्येकीच्या हातात एकेक कुंडी दिली. "एप्रिलमध्ये जमिनीत लावा, काही करावं लागत नाही, हिवाळ्यात दार लाल होऊन जाईल." सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. तेव्हापासून आई झाडवाली अनघा झाली. "अनघा, माझ्या नंदिनीची पानं पिवळी पडलीत यार, काय करू?" असे फोन येऊ लागले, आणि फोटोंमध्ये ती मधे आली. तीन वर्षांत ती झुडपं मोठी झाली, फळांनी वाकली. डिसेंबरात गाडीतून जाताना आई बोटाने दाखवायची, "ते बघ, नाईकांकडची. ती घाटेकाकूंची. केवढी झाली!" मी तेव्हा तेरा वर्षांची, कानात इअरफोन. "येस आई, आय सी इट."

त्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी मी बसमधून उतरले तर आई जाकिटाशिवाय दारात उभी. तोंडावर बोट ठेवून तिने मला खुणावलं. आमच्या दोन्ही नंदिनींवर पक्ष्यांचा थवा उतरला होता, तीस-चाळीस तरी असतील. मी इतकं सुंदर पाखरू आधी पाहिलं नव्हतं. दुधाचा चहा असतो ना, त्या रंगाचं अंग, डोक्यावर तुरा, डोळ्यांवरून काजळ फासल्यासारखा पट्टा, शेपटीच्या टोकाला पिवळी कड, आणि पंखावर लाखेचा एवढासा लाल थेंब. सीडर वॅक्सविंग म्हणतात त्यांना. सगळे मिळून एक बारीक शीळ घालत होते, इतकी बारीक की ती कानाला ऐकू येते आहे की नुसती जाणवते आहे ते कळेना. आणि खात होते! एकेक जण पाच-सहा फळं सलग गिळायचा, मान वर करायचा, पुन्हा वाकायचा. मी फोन काढून व्हिडिओ घेतला. आईने तो सगळ्यांना पाठवला आणि संध्याकाळभर तिचा फोन टिंगटिंग वाजत राहिला. तिने रात्रीच्या जेवणाला शिरा केला. का, ते कुणी विचारलं नाही.

सकाळी मी कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर गेले. झुडपांखाली वाळलेली पानं पडली आहेत असं मला वाटलं. मग एका पानाला पिवळी कड दिसली. नऊ मेलेले होते, काही पाठीवर, काही पंख पसरून, आणि दहावा अजून श्वास घेत होता. बाबा म्हणाले, काचेवर आपटले असतील. पण खिडकी सहा फूट लांब होती आणि तिच्यावर एकही खूण नव्हती. आई आत गेली, बाबांच्या बुटांचा खोका आणि जुन्या सुती ओढणीचा तुकडा घेऊन आली, आणि तो दहावा पक्षी तिने त्यात ठेवला. लीसबर्ग गावाच्या पुढे एका शेतावर जखमी पक्षी सांभाळणारी एक बाई राहते, असं मी फोनवर शोधलं. आईने तोवर हायवेवर कधी गाडी घातली नव्हती. तिची मजल ग्रोसरी, वाचनालय आणि माझी शाळा एवढीच. बाबांना त्या दिवशी कामावर जाणं भाग होतं. आई स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून उजव्या, सावकाश जाणाऱ्या लेनमधून गेली, आणि खोका माझ्या मांडीवर. अर्ध्या वाटेत खोक्यातली खसखस थांबली. मी आईला सांगितलं नाही.

ती बाई उंच, राखाडी वेणी घातलेली, अंगात शेतावरचा मळका कोट. तिने पक्षी तळहातावर घेतला, त्याच्या गळ्याशी अंगठ्याने हलकेच दाबलं, आणि चोचीतून एक लाल फळ बाहेर आलं. मग दुसरं. तिने वर बघितलं आणि विचारलं, "तुमच्याकडे नंदिना आहे का?" मग तिने शांतपणे समजावून सांगितलं. त्या फळांत विष असतं. बाकीचे पक्षी एखाददुसरं खातात, त्यांना पचून जातं. पण हे थव्याने येतात आणि पोट फुटेस्तोवर खातात, आणि हिवाळा संपता संपता रानातली फळं संपली की याच झुडपांवर उतरतात. दुकानात विकतात, तिथे कुणी सांगत नाही. तिचा सूर आरोप करणारा नव्हता. आईने तिचं बोलणं संपू दिलं आणि तिच्या सावकाश, शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "माझ्याकडे दोन आहेत. आणि अकरा घरांत मी दिल्या आहेत." त्या बाईने मेलेला पक्षी ओढणीत परत गुंडाळला. "मग आजच जा," ती म्हणाली. "थवा अजून त्याच भागात असेल."

परत येताना मी ते वाक्य बोलले. रडत नव्हते, उलट अगदी थंड आवाजात, शाळेतल्या मुली बोलतात तशी. "यू किल्ड देम, आई. लाइक, लिटरली. यू डिडन्ट इव्हन चेक." आईने उत्तर दिलं नाही. सिग्नलला गाडी थांबली होती, इंडिकेटर टकटक करत होता, आणि ती समोर बघत होती. मला वाटलं, ती ऐकलंच नाही असं दाखवते आहे, आणि मला आणखीच राग आला.

घरी येऊन तिने आधी आमची दोन्ही झुडपं सोलून काढली. एकेक घोस कात्रीने कापून दुहेरी पिशवीत भरला. बाबा कामावरून फोनवर बोलत होते. ती काय करायला निघाली आहे हे ऐकून ते जरा गडबडले. "अगं, सगळ्यांकडे जायची काय गरज? कुणाला कळणारही नाहीये. आणि नाईकांकडेही जाणार? माझा मॅनेजर आहे तो." आई म्हणाली, "म्हणून त्यांच्याकडचे पक्षी मरायचे थांबणार आहेत का?" मग मीही मधे पडले. माझी भीती वेगळीच होती. त्या अकरा घरांतल्या चार घरांत माझ्या वर्गातल्या मुली होत्या. "आई, प्लीज, जस्ट सेंड अ‍ॅन ईमेल. इट्स सो एम्बॅरसिंग." आईने कात्री पुसली, पिशव्यांची गुंडाळी घेतली आणि माझ्याकडे वळली. "वाण हातात दिलंय मी, हळदीकुंकू लावून. ते ईमेलवर नाही परत मागता येत. चल, पिशवी धरायला कुणीतरी हवं."

शनिवारची दुपार आणि रविवार आम्ही दारोदार हिंडलो. आईने प्रत्येक दारात तेच वाक्य म्हटलं, न सजवता. "मी तुम्हाला दिलेलं झाड पक्ष्यांना विषारी आहे. मला माहीत नव्हतं. माझ्या दारात दहा मेले. मी फळं आता कापून नेते, आणि जमीन मऊ झाली की येऊन झाडही काढून नेईन." मी मागे हूड ओढून उभी. काही जणींनी लगेच "अरे बापरे" म्हणत स्वतः कात्री घेतली. एक काकू आम्हाला बघताच गोंधळल्या, त्यांचं झाड पहिल्याच उन्हाळ्यात वाळलं होतं आणि तीन वर्षं त्या आईला खोटंच "मस्त आहे, मस्त आहे" सांगत आल्या होत्या; आईने त्यांना मिठीच मारली. एक कुटुंब टेक्सासला गेलं होतं, त्यांच्या दारात एक दाढीवाला गोरा माणूस आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ गराजमधून करवत आणली. नाईककाकूंनी मात्र आम्हाला आतही बोलावलं नाही. दारातच हसल्या आणि म्हणाल्या, "काय गं अनघा, वाण तुझं, कौतुक तुझं, आणि पाप मात्र सगळ्यांत वाटून घ्यायचं होय? आणि दिलेलं वाण कुणी परत मागतं का? आमच्यात अपशकुन मानतात." त्यांची मुलगी रिया मागे जिन्यावर उभी राहून माझ्याकडे बघत होती. आई म्हणाली, "पाप माझं एकटीचंच आहे. मला फक्त फळं न्यायची आहेत." नाईककाकूंनी खांदे उडवले आणि दार लावून घेतलं. फळं आम्ही कापली. मी तो सगळा वेळ जमिनीकडे बघत होते.

घाटेकाकूंचं घर सगळ्यात शेवटी, रविवारी दुपारी. घाटेकाका आणि काकू आमच्या आईबाबांपेक्षा खूप मोठे, इथे फार आधी आलेले. दोन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं, एकच शब्द उरला होता, "बरं." भूक लागली तरी बरं, टीव्ही बंद करा म्हणायचं असलं तरी बरं, फक्त सूर वेगळा. दिवसभर ते पुढच्या खिडकीशी खुर्चीत बसायचे, आणि त्या खिडकीसमोर आईची नंदिनी होती, अकरांमधली सगळ्यात मोठी, फळांनी लालेलाल.

काकूंनी आईचं सगळं ऐकलं आणि चहा ओतता ओतताच म्हणाल्या, "नाही गं बाई. आमच्याकडचं राहू दे." आई काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. पण ऐक. हे चार महिने ह्यांना दिसतं काय? राखाडी रस्ता, राखाडी आभाळ. त्या एका झुडपाकडे ते बघतात. सकाळी पडदा सरकवला की आधी तिकडे मान वळते. पक्ष्यांचं मला वाईट वाटतं, नाही असं नाही. पण मला आधी माझा माणूस." आई कप हातात धरून बसली, आणि मला एकदम कळलं की ती हे वाक्य समजू शकते, त्या वसाहतीत दुसरं कुणीही समजू शकणार नाही इतकं.

आणि तेवढ्यात काका ओरडले, "बरं! बरं! बरं!"

थवा आला होता. परवाचाच की दुसरा, कुणाला ठाऊक. तीच बारीक शीळ काचेतून आत आली आणि एकामागून एक ते नंदिनीवर उतरायला लागले, खिडकीपासून हातभर अंतरावर. काकांनी डावा हात काचेकडे उचलला होता. त्यांचा सगळा चेहरा, हलणारी आणि न हलणारी दोन्ही बाजू, हसत होता. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंस?" त्या आईला म्हणाल्या, "बघितलंस त्यांना?"

आईने कप खाली ठेवला. मी तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, नको, आई, आत्ता नको. ती उठली, दार उघडलं आणि मोजे घातलेल्या पायांनीच बर्फात उतरली. गळ्यातली ओढणी तिने डोक्यावरून गरगरा फिरवली आणि शेतातली पाखरं हाकलतात तशी मोठ्याने हाळी घातली. मी तिचा तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. थवा एका झटक्यात उठला. काकांचा हात तसाच वर राहिला, आणि मग खाली आला. आई झुडपापाशी पोचली, मागे वळली, आणि खिडकीतून त्यांच्याकडे बघून तिने हात जोडले. काकांनी तोंड फिरवलं.

पक्षी लांब गेले नव्हते. समोरच्या मेपलच्या उघड्या फांद्यांवर बसून वाट बघत होते. आई एका हाताने कापत होती आणि दुसऱ्या हाताने ओढणी हलवत होती, आणि कापलेले घोस खाली बर्फावर पडत होते. एक-दोन पक्षी परत येऊन वरच्या फांदीवर बसलेही. मी अजून सोफ्यावरच होते. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे, पण खरं सांगायचं तर वाटण्याइतका वेळच नव्हता. मी बाहेर धावले. पायात काही नव्हतं, अंगात हूडी. झुडपाच्या दुसऱ्या बाजूला हात पसरून उभी राहिले आणि आईसारखीच ओरडायला लागले, काहीही, मराठी, इंग्रजी, नुसतेच आवाज. समोरच्या घरातली माणसं दारात आली. माझ्या शाळेतला एक मुलगा त्यांच्यात होता. तो दिसला मला, आणि तरी मी ओरडत राहिले. वीस मिनिटं लागली. शेवटचा घोस पिशवीत गेला, खाली पडलेलं एकेक फळ आम्ही बोटांनी वेचलं, तेव्हा माझे पाय लाकडासारखे झाले होते.

काकूंनी दारातच आमच्या पायांवर टॉवेल टाकले. आई त्यांच्या स्वयंपाकघरात गेली, एक तांब्या मागून घेतला, त्यात पाणी भरलं, आणि पिशवीतले उत्तम बारा-पंधरा घोस निवडून पानांसकट त्यात रचले. तो तांब्या तिने काकांच्या खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवला. "महिनाभर टिकतात," ती काकूंना म्हणाली. "पुढच्या वर्षी मी डिसेंबरातच लाल फळांच्या फांद्या आणून आत ठेवीन. बाहेर मी दुसरं काहीतरी लावते, काकांना आणि पक्ष्यांना, दोघांना चालेल असं." काका भिंतीकडे बघत होते. आम्ही निघालो तरी त्यांनी मान वळवली नाही. काकूंनी नंतर फोनवर सांगितलं, ते तीन दिवस जेवताना रडले. मला हे लिहितानाही त्याचं वाईट वाटतं. आई बरोबर होती, आणि तिने एका माणसाचा हिवाळ्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण त्याच्या डोळ्यांदेखत मोडला होता. दोन्ही खरं आहे.

एप्रिलमध्ये जमीन मऊ झाली आणि आम्ही कुदळ-फावडं घेऊन पुन्हा त्याच क्रमाने निघालो. नंदिनाची मुळं चिवट असतात. थोडं मूळ राहिलं की तिथून पुन्हा फुटतं, म्हणून सगळं खणून काढावं लागतं. नाईककाकूंकडे नाईककाकांनी स्वतःच झाड काढून कडेला ठेवलं होतं, आणि बाबांच्या नोकरीला काहीही झालं नाही. झाडांच्या जागी आईने इंकबेरी आणि हॉली ही पक्ष्यांना न बाधणारी सदाहरित झुडपं लावली. हॉलीमध्ये नर झाड वेगळं, मादी वेगळी, आणि आसपास नर नसला तर फळ धरत नाही. हे कळल्यावर बायकांची जी हसाहस झाली ती विचारू नका. शेवटी एकच नर घाटेकाकूंकडे लागला आणि त्याच्या भरवशावर त्यांच्यासकट चार घरांत माद्या. फळं यायला चार वर्षं लागली. मधले हिवाळे नुसते हिरवेच होते, आणि आईला ते पुरले.

घाटेकाकूंकडचं झुडूप निघता निघेना. आई आणि मी आळीपाळीने खणत होतो, मुळाशी फावडं अडकवून दाबत होतो, दोघींचे हात सोलले होते. मागून दार वाजलं. काकू काकांना खांद्याचा आधार देत पायरीपर्यंत घेऊन आल्या होत्या. काकूंनी खुर्ची ठेवली, अगदी खड्ड्याच्या कडेला. काका बसले. त्यांनी आधी झाडाकडे बघितलं, मग आईकडे. फेब्रुवारीनंतर त्यांनी तिच्याकडे पाहिलं ते तेव्हाच. मग वाकून त्यांनी डाव्या हाताने खोड पकडलं. आईने त्यांच्या हाताखाली धरलं, मी तिच्याखाली. "बरं," काका म्हणाले, म्हणजे ओढा. तीन हिसक्यांत झाड मुळासकट वर आलं आणि आम्ही दोघी मातीत बसलो. काका हसायला लागले. काकू म्हणाल्या, "अनघा, आत ये, हात धू, भात टाकलाय."

जेवून आम्ही गाडीत बसलो. मागे ती झुडपं, गाडीत ओल्या मातीचा वास. आईने किल्ली लावली पण गाडी सुरू केली नाही. मी तेव्हा बोलले. दोन महिने मनात राहिलं होतं ते. "आई, त्या दिवशी मी तुला म्हणाले ना, की यू किल्ड देम. सॉरी."

"सॉरी कशाला?" आई म्हणाली. "खरं तेच बोललीस. मी बघायला हवं होतं." तिने किल्लीवरचा हात काढला. "पण मुक्ते, इंग्रजीत बोललीस. इंग्रजीत मला भांडता येत नाही. उत्तर सुचेपर्यंत तुझं सगळं बोलून झालेलं असतं, आणि मग मी आपली गप्प बसते. भांडायचं असेल तर मराठीत भांड माझ्याशी."

"मला मराठीत नीट भांडता येत नाही," मी म्हणाले.

"मग शीक की! चल, बोल. काय काय राग आहे तुझा?"

मी आधी हसले. मग खरंच सांगायला लागले. अडखळत, शब्द शोधत, मधे मधे चुकत. मला रियासमोर किती लाज वाटली, आई मला प्रत्येक ठिकाणी का ओढून नेते, हिवाळ्यात ती माझ्याशी का बोलत नाही. आईनेही सोडलं नाही. तिने माझ्या इअरफोनचा विषय काढला, बंद दाराचा काढला, आजीच्या फोनवर दोन शब्द बोलून पळण्याचा काढला. आवाज चढले, काचा धुरकटल्या, आणि घाटेकाकूंच्या दारात गाडी उभी करून आम्ही दोघी मायलेकी चांगला अर्धा तास मनसोक्त भांडलो.